मोरपीस

कार्तिकस्नानाचं व्रत धरून आम्ही बाया रोज पहाटे बारवेत पोहायचो. पाण्यानं कान फुटू नये म्हणून वर आल्यावर समईच्या तेलात बुडवलेलं मोरपीस सगळ्यांच्या कानात फिरवायचं, अशी रीत होती. पीस एकच. पंधरा दिवसांत सगळ्यांचेच कान वाहायला लागले, पिसाला पिवळा पू चिकटलेला दिसायला लागला आणि त्याचा वास समईजवळही लपेना.

ठपका आमच्यातल्या मेंढरं राखणाऱ्या बायडाबाईवर आला; तिची सगळ्यांना किळस आली. मीच तिला हळू आवाजात सांगितलं, "उद्यापासून येऊ नगंस."

"आक्का, व्रत अर्ध्यात का म्हून मोडू? माजी काय चूक हाय?"

"चूक न्हाई गं. घाण हाय."

ती डोळे पुसत गेली.

चार दिवसांनी गावात हकीमसाब आले. पीस पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला. "तौबा! एकीचा पू दुसरीच्या कानात! हे जाळा आधी, आणि पोहून आल्यावर जिचे तिने कान कोरडे करा. सगळ्यात आधी कुणाचा कान वाहत होता?"

"बायडीचा!" बाया एका सुरात म्हणाल्या.



आषाढापासून वाहणारा माझा कान मी पदरानं झाकून घेतला.