खिडकीखालची जागा

"आता सर बाकावर आन् रोहिणी फळ्यापाशी!" श्रीनाथने माईकवर जाहीर केलं, आणि दहावीचा वर्ग टाळ्यांनी दणाणला.

वाशी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत २००१च्या तुकडीचा मेळावा भरला होता. गुलाबी फेटे बांधून झाले, हजेरी घेऊन झाली, उंद्रे सरांना शाल-श्रीफळ देऊन झालं. शेवटी जुना एखादा तास पुन्हा भरवायचा, ही आता सगळीकडची रीतच. यंदा तो मान रोहिणीचा, कारण ती तुळजापूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते. आधीच्या तीन मेळाव्यांना ती फिरकली नव्हती. यंदा तास घेशील का, असं श्रीनाथने फोनवर विचारलं, तेव्हा मात्र त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली होती.

उंद्रे सर हसत हसत पहिल्या बाकावर टेकले. सत्तरी ओलांडली होती, गुडघे बोलत होते, पण स्वारी खुशीत होती.

रोहिणीने फळ्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले. अलोन. लोनली.

"फरक कोण सांगतंय?"

"अलोन म्हंजी एकटं," निकिता म्हणाली, "आन् लोनली म्हंजी लई एकटं!"

वर्ग खदखदून हसला. रोहिणीही हसली. तिला कसली घाई नव्हती.

"श्रीनाथ, तू सांग. सहामाहीला हाच प्रश्न आला होता. तुझं उत्तर शब्दन् शब्द बरोबर होतं."

श्रीनाथ फेटा सावरत उठला. तेव्हा वर्गाचा मॉनिटर, आता गावचा पुढारी. अशा दिवशी जुन्या लबाड्या सांगायच्या आणि हशा वसूल करायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"अगं, मला तवा तरी कुठं येत व्हतं? तुझंच बघून लिव्हलं व्हतं की समदं!"

पुन्हा हशा उसळला. मग तो मागच्या बाकांपासून विरत आला, कारण एकेकाला आठवू लागलं होतं.

दोन पेपरांत एकच उत्तर निघालं, तेव्हा कुणी कुणाचं बघितलं हे सरांनी विचारलंच नव्हतं. बौद्ध वस्तीतल्या पोरीला उभी करून ते एवढंच म्हणाले होते, "तुमच्या वस्तीत इंग्रजी कुठनं आलं गं?" आणि तिला पार मागे, खिडकीखाली, पोतं अंथरून जमिनीवर बसवलं होतं. दिवाळीपासून थेट बोर्डाच्या परीक्षेपर्यंत. श्रीनाथ मूग गिळून बाकावर बसून राहिला. रोहिणीने तेव्हापासून डूख धरला तो धरलाच. पदव्या मिळाल्या, नोकरी लागली, लेकरं झाली, तरी तो उतरला नाही. माफी तिला नकोच होती. सरांनी एकदा त्या जागेवर बसावं, एवढंच हवं होतं.

"ऐकलंत ना सर?"

"जाऊ दे गं पोरी." सर शालीच्या काठाशी चाळा करू लागले. "जुनं झालं ते. मानसाचं चुकतं कधी कधी. तुमी समदी माझीच लेकरं."

"व्हय सर. म्हणून तर तास घ्यायला आले."

तिने पिशवीतून घडी घातलेलं युरियाचं पोतं काढलं. मागे जाऊन खिडकीखाली अंथरलं, त्याची चारी टोकं सारखी केली.

"आज तुम्ही विद्यार्थी आहात. इथं येऊन बसा."

बाहेर मांडवात आचारी पातेली सरकवत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. सरांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू काही जमेना. श्रीनाथ अर्धवट उठला.

"बस, श्रीनाथ," ती म्हणाली, आणि तो बसला.

सर उठले. एकेका बाकाला धरत मागे निघाले. ज्याच्या बाकाला त्यांचा हात लागे, तो खाली बघे. शेवटी भिंतीचा आधार घेऊन ते कसेबसे पोत्यावर बसले आणि शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.

रोहिणी फळ्यापाशी परत आली. तिच्या जिवाला गार वाटलं. आणि त्याची तिला तसूभरही लाज वाटली नाही.

"अलोन म्हणजे जवळ कुणी नसणं," ती सांगू लागली, रोज कॉलेजात सांगते तशीच. "त्यात दुःख असतंच असं नाही. मी सुट्टीला शेतात एकटीच असते, मजेत असते. लोनलीचं तसं नाही. ते भरल्या वर्गातसुद्धा होता येतं. सर, जरा समोर बघा."

सरांनी मान वर केली. समोर तीस पाठी होत्या, तीस गुलाबी फेटे होते. कुणीतरी वळून बघेल म्हणून ते बघत राहिले.

एकही फेटा हलला नाही. तेव्हाही कुणाची मान वळली नव्हती.

रोहिणीने डस्टर उचललं. पहिला शब्द पुसून टाकला. दुसरा तसाच राहू दिला.