नाक आणि पाणी

पारख्याला सर्दी झाली आहे, असं तो गेले दोन महिने सांगत होता. इतकी लांबलेली सर्दी कुणी पाहिली नव्हती. पण केशरबाजारात त्याच्या नाकावर शंका घ्यायची कुणाची टाप होती? डबा उघडताच माल कुणाच्या शेतातला, उन्हात वाळवलाय की कोळशावर, हे सांगणारं ते नाक.

आज हंगामातली शेवटची पारख होती. डबे घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची रांग दालनाच्या दारापर्यंत गेली होती. पारख्याच्या टेबलावर थंड पाण्याचे पेले ओळीने मांडलेले. आधी डबा हुंगायचा, मग चिमट्याने चार काड्या पाण्यात सोडायच्या. खरं केशर थंड पाण्यात दमादमाने रंग सोडतं, दहा मिनिटं तरी घेतं, आणि रंग सोडूनही काडी लालच राहते. रंगवलेली काडी पाण्यात पडताच सगळं ओकून पांढरी पडते. नाक आणि पाणी यांचं जमलं नाही, तर नाकाचं ऐकायचं, हा बाजाराचा जुना नियम. पूर्वी म्हणे भेसळ करणाऱ्याला मालासकट जाळत. आता नुसता काळा शिक्का डब्यावर बसे आणि त्या घराला बाजाराचं दार कायमचं बंद होई. त्यापेक्षा जाळलेलं बरं, असं म्हातारे म्हणत.

अक्काचा नंबर आला. अक्का पारख्याची थोरली बहीण. आज एवढं नावाजलेलं ते नाक लहानपणी तिनेच पुसलं होतं.

"पारखीसाहेब, गरिबाकडेही बघा जरा," ती म्हणाली. रांगेत हसू पसरलं.

पारखी अजून आधीच्या माणसाशी हुज्जत घालत होता आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. अक्काने पिशवीतून थर्मास काढला, ओळीतला एक पेला उचलून खिडकीबाहेर रिकामा केला, त्यात गरम पाणी ओतलं आणि भावाच्या हाताशी ठेवला. पाणी सकाळी भरलेलं, आता वाफ येण्याइतकं कढत राहिलं नव्हतं.

"हे पिऊन टाक. जरा मोकळं वाटेल," ती म्हणाली. हुज्जतीच्या नादात ते त्याच्या कानावर गेलंच नाही.

मग त्याने तिचा डबा पुढे ओढला, डोळे मिटले आणि नाक आत घातलं. वास डब्यात गच्च भरलेला होता. त्याला तो येत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला, तेव्हापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. पाण्याच्या जिवावर तो एकेक दिवस निभावून नेत होता.

हाताजवळच्या पेल्यात त्याने चार काड्या सोडल्या. मिनिटभराच्या आत पाणी पिवळंजर्द झालं.

रांगेतल्या पहिल्या चौघांनी माना पुढे काढून पाहिलं. अक्का असलं काही करायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पाणी सगळ्यांसमोर होतं, आणि त्या पाण्याला खोटं ठरवायला जे लागतं तेच त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

"भेसळ आहे," तो म्हणाला.

"कशात?" अक्काला आधी कळलंच नाही.

"मालात. रंगवलेल्या काड्या मिसळल्यात."

अक्काचा चेहरा उतरला. "अरे, एकेक काडी या हातांनी निवडली आहे मी. परत एकदा हुंग."

"हुंगलं."

"मग?"

"वास हलका आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

"दाखव तरी मला," म्हणत तिने रागाने पेला उचलला आणि ती तशीच थांबली. बोटांना ऊब लागली होती. तिनेच भरलेला पेला.

"अरे, हा तर..."

त्याने मान वर केली. नाकाला ना लाली, ना पाणी. डोळ्यांत मात्र भीती होती, लहानपणी काहीतरी फोडून घरी आल्यावर असायची तशी. सर्दीबिर्दी काही नाही, याचं नाक गेलंय, हे अक्काला कळून चुकलं. पाणी गरम आहे, एवढंच बोलायचं होतं. ती सुटली असती. मग लोकांनी विचारलं असतं, साहेब, नाकाला कसं नाही कळलं?

अक्काने पेला तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

"घसा सुकला होता," ती टेबलाशी शिक्का घेऊन बसलेल्या कारकुनाला म्हणाली. "लाव शिक्का."

शिक्का बसला. रांगेने तिला वाट करून दिली, जरा जास्तच मोठी. डबा छातीशी धरून ती कुणाकडेही न बघता बाहेर पडली. या वयात हे शोभतं का, असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपत हळू बोललं.

पारख्याने रिकामा पेला बाजूला करायला उचलला. तो कोमट होता. तळाशी एक काडी चिकटून राहिली होती, लालभडक.

त्याने दाराकडे पाहिलं. मध्ये रांग सरकून आली होती.

"सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाहीत, साहेब," पुढचा शेतकरी आदराने म्हणाला आणि त्याने आपल्या डब्याचं झाकण काढलं. "आता आमचं हुंगा."