वाचला नाही

पर्थहून गावाला रस्ता सुरक्षेचं अनुदान मंजूर झालं, तशी समितीची ग्लेनिस हटूनच बसली, “भाषणं पुरे! सुसाट गाड्या हाकणाऱ्यांना यंदा धडकीच भरवायची.”

शनिवारी पबमागे पडलेली, टप चेपलेली, दार तारेने बांधलेली एक गाडी तिने ट्रॅक्टरने ओढून थेट फुटबॉलच्या मैदानात आणवली आणि वर पाटी टांगली : ‘यातला माणूस वाचला नाही.’

मैदानात जमलेल्या लोकांचे चेहरे पांढरेफटक पडले. सॉसेज खाणारी तोंडं जागीच थांबली. अनुदान सार्थकी लागलं म्हणून ग्लेनिसला भरून आलं.

 

इतक्यात झोकांड्या खात म्हातारा मर्व्ह आला, तार सोडून गाडीत बसला आणि म्हणाला, “अगं, मी चार बिअर प्यायला पबात काय गेलो, तेवढ्यात तू मला मारूनही टाकलंस? सरक, मेंढ्या खोळंबल्यात.”