कपाटाखालचा पूल

बाबांच्या खेळण्यातल्या गाडीचं इंजिन मांजराएवढं होतं आणि रूळ दोन कंपन्यांचे. पितळी रुळांवर ती खणखणायची, पोलादी रुळांवर खरखरायची. त्यामुळे आई स्वयंपाकघरातूनच सांगायची, "आता खिडकीशी आली."

आज दुपारी गाडी कपाटाखाली शिरली आणि तिचा आवाज घुमू लागला.

"अहो, हे तिसरे रूळ कधी आणलेत?" आईनं विचारलं.

बाबांनी बटण बंद केलं. आवाज थांबला नाही.

मी वाकून कपाटाखाली पाहिलं. हातभर पितळी रूळ होते, गाडी नव्हती. आवाज दूर जात होता, आणि त्याच्या खाली, खूप खोल, पाणी वाहत होतं.

"केवढी मोठी नदी आहे ही," बाबा पुटपुटले.

आई हात पुसत दारात आली, क्षणभर कान देऊन उभी राहिली.

"गाडीनं अजून अर्धासुद्धा पूल ओलांडलेला नाही," ती म्हणाली.