एका सिगारेटची वाट

सायकल हाकून हाकून देस्पिनाच्या पोटऱ्यांना गोळे आले होते. अपोलोच्या देवळाचं फाटक तीनला बंद होणार, आणि तिच्या सुट्टीचा आज शेवटचा दिवस. गावच्या चिनाराखाली म्हातारा स्टामातिस अर्धी सिगारेट कानामागे खोचून बसला होता.

"आजोबा, देऊळ किती लांब?"

"एका सिगारेटची वाट, पोरी. बस की, कॉफी घे."

"आणि तेवढ्यात फाटक लागलं म्हणजे?"

"फाटक कुठे पळून जातंय?"

ती हसली आणि पॅडल मारत सुटली. चढ असा, की तिथल्या शेळ्यासुद्धा वाटेत दोनदा बसतात. दोन तासांनी, अडीचच्या ठोक्याला ती वर पोचली. फाटकाला हे भलं मोठं कुलूप, आणि आसपास चिटपाखरू नाही.

तणतणत ती खाली आली. म्हातारा तिथेच होता. कानामागची सिगारेट नखभर आखूड झाली होती, इतकंच.

"एक सिगारेट म्हणे! दोन तास लागले मला!"

"मग लवकर पोचलीस. बायकोने मला दिवसाला एकच ठरवून दिलीय. सकाळी पेटवतो, झुरका मारतो, विझवतो. रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवतो."

"आणि अडीचलाच कुलूप? तो मेला राखणदार उलथलाय कुठे?"

स्टामातिसने खिशातून वीतभर लांब किल्ली काढली आणि बाकावर ठेवली.

"तरी म्हणत होतो, कॉफी घे. चल, उघडून देतो. फक्त ही सिगारेट तेवढी संपू दे."