फॉर्म्युलाचं अनेकवचन

नवा तांदूळ निघाला की उत्रोलीचा रायबा दर वर्षी भोरला येऊन पोंक्षे मास्तरांना पायलीभर आंबेमोहर देऊन जायचा. पंधरा वर्षांपूर्वी याच रायबाने ‘फॉर्म्युला’ या लॅटिन शब्दाचं अनेकवचन ‘फॉर्म्युली’ऐवजी ‘फॉर्म्युलाज’ लिहिलं, तेव्हा मास्तरांनी त्याला छडीने फोडून काढलं होतं. वर “तुमच्या घराण्याला इंग्रजी झेपायचं नाही,” म्हणून शाळेतून हाकललं होतं.

काल नव्या डिक्शनरीत मास्तरांना दोन्ही रूपं बरोबर दिसली. आज रायबा आला, पण तांदूळ घ्यायला त्यांचा हात पुढे होईना.

“रायबा, तुझं ‘फॉर्म्युलाज’ बरोबर होतं रे. मीच चुकलो.”

रायबाने पिशवी खाली ठेवली.

“मग मास्तर, तुमच्या शब्दावर म्या दोन्ही पोरं शाळंत न्हाई घातली, त्येंचं काय?”