परड्यातलं पाणी

"फरशीचा ढाळ बरोबर हाय," आक्का दारातनं म्हणाली. "उगं गवंड्याला शिव्या घालू नगंस."

अमरसिंहानं तिसरी बादली ओतली. पाणी सुळकन कोपऱ्यातल्या जाळीकडं पळालं आणि निघूनही गेलं. म्हणजे आक्काचं, त्याच्या आईचं, खरंच होतं. तरी रोज सकाळी उठून बघावं, तर कळंब्यातल्या या नव्या घरामागच्या परड्यात घोटाभर पावसाचं पाणी साचलेलं असायचं, आणि जाळीच्या तोंडावर चिखल. चिखल काढला की पाणी जायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच गत. आठवडाभर हा ताप चालला होता.

खरी घालमेल मात्र पाण्याची नव्हती, आक्काची होती. वडील वारल्यावर अमरसिंहानं तिला राधानगरीकडच्या गावातनं इथं आणलं. म्हातारीचा जीव काही रमेना. मला माझ्या घरी सोड, एवढा एकच धोशा. त्याची बायको पूर्णिमा म्हणायची, आईंना एकटं ठेवायचं नाही म्हणजे नाही. मागं एकदा त्यांच्या हातनं गॅस चालू राहिला होता. "तो तुझ्या हातनंबी राहतोय की," असं अमरसिंह बोलून बसला आणि दोन दिवस घरात अबोला झाला.

शेवटी आक्कानंच तोडगा काढला. "तुज्या परड्यातल्या पाण्याचं मूळ मी हुडकून देते. दिलं, तर म्हातारीचं डोकं ठिकाणावर हाय म्हणायचं आणि मला गावाला सोडायचं. बोल, हाय कबूल?"

पूर्णिमाला हसू आलं. ती कबूल म्हणाली.

तर आता ढाळ झाला, पुढं पाइप. अमरसिंहानं लांब बांबू आत सारला. तो थेट बाहेरच्या गटारीत निघाला. पाइप मोकळा होता.

"मग ही शेजारीण," अमरसिंह चिडून म्हणाला. "तिच्या वाफ्यातली माती वाहून येत्या आमच्यात." आणि कुंपणावरनं त्यानं हाक दिली, "ओ चिमणामावशी! तुमच्या बागेपायी आमचं परडं तुंबतंय!"

चिमणाबाई काय ऐकून घेणार? "व्हय रं भाद्दरा! माजं पाणी भिंत चढून येतंय व्हय तुज्याकडं?"

"अरं येड्या, तिचं परडं खाली हाय," आक्कानं मागनं त्याला झापलं. "पाणी वरनं खाली जातंय, एवढं तर कळतंय न्हवं? माफी माग तिची."

अमरसिंहानं मुकाट्यानं माफी मागितली. चिमणाबाईनं त्याला दोन वांगीही दिली, तेवढ्यावर मिटलं.

आक्का पदर खोचून परड्यात उतरली. चिखलाचा गोळा उचलून तिनं बोटांनी चोळून बघितला. "लाल माती हाय. कुंड्यातली. कुंड्या जाळीच्या वरच्या अंगाला मांडल्यासा, पाऊस आला की माती धुऊन जाळीवर जाती. त्या भिंतीच्या कोपऱ्याला हलवा."

आठवडाभरात अमरसिंहानं दोघांना फोन केले होते. एकानं फरशी उखडायला सांगितली होती, दुसऱ्यानं पंप बसवायला. आणि कुंड्या कुणाला दिसल्याच नव्हत्या! त्यानं एकेक कुंडी ओढून पार पलीकडं नेली, जाळी घासून धुतली. संध्याकाळी धो धो पाऊस झाला. जेवणाआधी दिवा लावून तिघंही परड्यात डोकावली. फरशी नुसती ओली, पाण्याचा टिपूस नाही.

"आता बोल, सूनबाई," आक्का म्हणाली.

"हरले, आई," पूर्णिमा म्हणाली, आणि तिनं स्वतःच कपाटावरची पिशवी काढून सासूची लुगडी घड्या घालून भरली. "पण रोज सकाळी फोन करायचा हं. नाही केला तर मी तिथं येऊन बसेन."

"ये की. भाकरी थापायला माणूस पायजेच हाय मला."

तिघंही हसली. अमरसिंहाला खूप हलकं वाटलं. आईवर आपण उगाच संशय घेतला, याची लाजही वाटली. चांगली खमकी आहे आपली आई, काही झालेलं नाही तिला.

उजाडता उजाडता तो गाडी काढायला उठला. आक्काचं अंथरूण रिकामं होतं. निघायची घाई झाली असणार, असं मनाशी म्हणत त्यानं परड्याचं दार उघडलं.

बाहेर पाऊस लागला होता. फरशीवर घोटाभर पाणी होतं. आक्का कासोटा घालून जाळीपाशी बसली होती. शेजारी एक कुंडी आडवी केलेली. तिच्यातली माती ओंजळीनं काढून ती जाळीवर थापत होती, कडेनं बोटं फिरवून नीट लिंपत होती. हात सरावाचे होते, कुठं घाई नव्हती.

"आक्का," त्यानं हाक मारली.

तिनं वळून बघितलं, आणि लगबगीनं चिखलाच्या हातानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"अवो, उठलासा व्हय? खाचर भरलंय बगा, आजच रोप लावून घिऊया. आन् अमर शाळंतनं आला, की त्येलाबी धाडून द्या."